आरशांआधी भिंती

रोज सकाळी चहाआधी शुभाताई तळघरात उतरून भिंतीला तळहात लावायच्या. हाताला ओल लागायचीच. मुलुंडच्या त्या रो-हाऊसच्या तळघरात त्यांना कथकचा वर्ग काढायचा होता. लाकडी जमीन, मोठे आरसे, सगळं ठरलं होतं.

शिवदास मिस्त्रींनी भिंत ठोकून पाहिली. "ताई, आधी वॉटरप्रूफिंग. दोन लाख."

"म्हणजे आरसे गेले माझे! एवढेच तर पैसे साठवलेत."

"आता लावले तर मागून काळे पडतील. वाट लागेल."

"पुढच्या वर्षी काढ ना गं वर्ग," नवरा म्हणाला.

बासष्टाव्या वर्षी शुभाताईंना पुढच्या वर्षाचा भरवसा नव्हता. त्यांनी सगळे पैसे भिंतींना दिले. जुलैत कोरड्याठाक तळघरात, साध्या फरशीवर सात मुली उभ्या राहिल्या.

"आरसा नाहीये, एकमेकींकडे बघून शिका," शुभाताई म्हणाल्या. "आणि कोणाच्या गं या चपला आत? बाहेर काढा आधी."