शेन्टिलच्या उतारावरचा इशारा

ऑस्ट्रियाच्या सीमेजवळच्या मारिबोर शहरात, रस्ते-कंपनीत ब्रेडा होयनिक रेडिओ इंजिनिअर होती. गाड्यांनी एकमेकींना बिनतारी इशारे द्यावेत आणि सीमेपलीकडच्या गाडीलाही ते कळावेत, यासाठी तिनं उमेदीची सगळी वर्षं घातली. प्रत्येक देशाचे, प्रत्येक कारखान्याचे रेडिओचे नियम वेगळे. ते जुळवायच्या बैठकांना ती सारखी व्हिएन्ना, ब्रुसेल्सला पळायची. नवरा कंटाळून निघून गेला.

धाकटा भाऊ सिल्वो हायवेच्या दुरुस्ती-पथकात होता. तो चिडवायचा, "ताई, गाड्यांचं जुळवता जुळवता तुझंच मोडलं की गं!"

"हस लेका. तुझ्या गाडीवर यंत्र बसलं की मागून येणारा लांबूनच सावध होईल."

यंत्र तिनं स्वतः बसवलं. पण सगळ्या गाड्यांना एकच रेडिओ असावा, हा ठराव पुढे बैठकीत पडला. एका गटाला वाय-फायच्या जातीचा रेडिओ हवा, दुसऱ्याला मोबाइलच्या. कुणीच मागे हटेना. शेवटी दोन्ही प्रकारच्या गाड्या रस्त्यावर आल्या.

नोव्हेंबरच्या धुक्यात सिल्वो सीमेवरच्या शेन्टिलच्या उतारावर अडथळे मांडत होता. ऑस्ट्रियाकडून आलेली नवीकोरी मोटार थेट आत घुसली. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

हॉस्पिटलात त्यानं ब्रेडाला विचारलं, "माझ्या गाडीनं इशारा दिला होता?"

"दिला होता."

"मग?"

"त्या मोटारीत दुसऱ्या जातीचा रेडिओ होता. तिला ऐकूच गेलं नाही."

"असं होऊ शकतं, हे तुला माहीत होतं?"

ब्रेडा त्याचं पांघरूण सारखं करू लागली.

"तुझ्या यंत्राच्या भरवशावर साहेबांनी मागून येणाऱ्या गाड्या थोपवणारा आमचा झेंडेवाला काढला, ताई. एका शब्दानं तरी बोलायचंस."

पुढच्या बैठकीत तिनं सगळं सांगितलं. अध्यक्ष हळहळले, "फार वाईट झालं, बाई. अहवालाच्या परिशिष्टात घेऊ," म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले. कॉफीच्या वेळी दोन्ही गटांची माणसं एकेक करून तिच्याजवळ आली. या अपघातानं आमचंच म्हणणं खरं ठरतं, असं दोन्हीकडच्यांनी तिला पटवून सांगितलं. कप खाली ठेवून ती जागेवर जाऊन बसली. नोकरी सोडायचं धैर्य तिला झालं नाही.

आता दर रविवारी ती अक्रोडाची पोटित्सा, तिकडचा सारण भरलेला गोड पाव, भाजून भावाच्या दारी जाते. भावजय माय्दा दार अर्धवट उघडून ताट घेते.

"झोपलाय तो," ती म्हणते.

आतून फुटबॉलच्या मॅचचा आवाज येत असतो, आणि सिल्वोचं ओरडणंही.