पायरीवरची गैरहजेरी

आमच्या जळगावच्या ख्रिस्ती मंडळीची स्मरणिका निघते आहे. संपादकांनी माझ्यावर एक पानभर मजकूर लिहिला आणि छापण्याआधी मलाच वाचायला पाठवला, काही चूक असल्यास दुरुस्त करा म्हणून. शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. त्या मी लगेच लाल शाईने काढल्या. आयुष्यभर हायस्कुलात मराठी शिकवले, हात आपोआप चालतो. मग एक वाक्य उरले. ‘या ज्येष्ठ बंधूंनी अल्पशिक्षित भगिनींना प्रार्थना करण्यास शिकवले.’ व्याकरणात कुठेही खोट नाही, फक्त वाक्य खोटे आहे.

मी एकाही बाईला प्रार्थना शिकवली नाही. जिला ती येत होती तिची बंद पाडली. स्मरणिकेत हे छापणार नाहीत, रंगीत मुखपृष्ठाच्या आत असला मजकूर शोभत नाही. म्हणून वेगळे लिहून ठेवतो.

ती बाई एका दवाखान्यात आया होती. चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातली. नवरा लवकर गेला, एक मुलगी पदरात. तिची खोली आमच्या गल्लीच्या टोकाला होती. शेजारी गाद्या शिवणारे एक मुसलमान कुटुंब. त्यातली म्हातारी अंथरुणाला खिळली तेव्हा हीच ड्युटीवरून आल्यावर तिला पुसून काढायची, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी कुस्करून भरवायची. आमच्या मंडळीतल्या कुणी तिला त्याबद्दल विचारले तर म्हणायची, ती शेजारीण आहे ना. त्यापुढे तिला काही सुचत नसे. मी याच विषयावर, म्हणजे शेजारधर्मावर, चर्चमध्ये पाऊण तास बोललेलो आहे. त्या म्हातारीच्या दारावरून मी रोज सायकल हातात धरून जायचो आणि वास येतो म्हणून श्वास रोखायचो.

आमच्या उपासनेत मुक्त प्रार्थनेची एक वेळ असे. कुणीही उभे राहावे आणि प्रार्थना करावी. प्रत्यक्षात ठरलेले पाच-सहा जणच उभे राहत, त्यात मी पहिला. ‘हे परमपवित्र, करुणासागर स्वर्गीय पित्या’ एवढे म्हणायलाच मला अर्धे मिनिट लागे. देवाला वाट पाहायला लावण्याचा मान मी मिळवला होता. आणि मग मागून ती उठायची. डोक्यावरून पदर, हात छातीशी, आणि सरळ खानदेशीत सुरुवात.

“बापा, तू आठेच शे. माले दखास नही, पन तू शे. सात नंबरना आबाले आज लघवी होऊ दे.”

झाली प्रार्थना. आमेन म्हणून खाली बसायची. तू इथेच आहेस, मला दिसत नाहीस पण आहेस, आणि सात नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची लघवी अडली आहे. देवाला याहून जास्त काय सांगायचे असते, हे मला आज वयाच्या या टोकाला उमगत नाही. तेव्हा मात्र माझ्या कानात गरम तेल पडल्यासारखे व्हायचे. माझी स्वतःची आई अशीच बोलायची. ‘शे’ आणि ‘बठ्ठा’ जिभेवरून खरवडून काढायला मला किती वर्षे लागली होती ते माझे मलाच ठाऊक. मराठीचा मास्तर झालो, इस्त्रीचा पांढरा सदरा आला, मंडळीच्या कमिटीचा सेक्रेटरी झालो. आणि ही बाई दर रविवारी माझी आई होऊन मागच्या बाकावरून उठायची.

एका वर्षी बाहेरगावचे मोठे पाहुणे उपासनेला येणार होते. आधीच्या आठवड्यात मी तिला बोलावून घेतले. देवाच्या घरात शुद्ध बोलावे, पाहुण्यांसमोर लघवीचे वगैरे नको, असे समजावले. तिने विचारले, मग त्यांचे नाही का अडत? मी हसलो नाही. फुलस्केप कागदावर, मुलांना निबंध घालून द्यावा तशी, एक प्रार्थना लिहून दिली. माझ्या वळणदार अक्षरात. पाठ करा म्हटले. तिला वाचता येत असे, पण बोट ठेवून, सावकाश. तिने कागद दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. त्या आठवड्यात ती बेडपॅन धुताना पाठांतर करत होती, असे दवाखान्यातल्या नर्सने नंतर सांगितले.

ते दिवस निवडणुकीचे होते. भिंतीभिंतीवर, रिक्षारिक्षावर एकच शब्द. आणि माझ्या कागदावर, दुसऱ्याच ओळीत, मी लिहिले होते, ‘तुझ्या अगाध प्रीतीबद्दल’. अगाध हा शब्द तिने जन्मात ऐकला नसावा. तिने ओळखीच्या शब्दाला धरले. भरल्या चर्चमध्ये, पाहुण्यांसमोर, ती खणखणीत आवाजात म्हणाली,

“हे स्वर्गीय पित्या, तुझ्या आघाडीच्या प्रीतीबद्दल...”

आधी पोरे खुसखुसली. मग पुरुषांच्या बाजूने कुणीतरी हळूच म्हणाले, आणि युतीची प्रीती कुठे गेली, आक्का? त्यावर सगळे चर्च हसले. पाहुणे हसले. उपासना चालवणाऱ्या पाळकांनी रुमाल तोंडाला लावला. मी पहिल्या बाकावर होतो, आणि मी मागे वळून हसलो. मान वळवून, तिला दिसेल असा. तिला कळावे की चूक तिची आहे, कागद लिहिणाऱ्याची नाही.

ती थांबली. कागद नीट चौघडी करून कमरेला खोचला आणि बसली. आमेन म्हणायचे राहून गेले.

पुढच्या रविवारी ती आत आली नाही. चर्चच्या दाराबाहेर तीन पायऱ्या आहेत, तिथे चपला काढतात. त्या चपलांच्या शेजारी, मधल्या पायरीवर ती बसली. उपासना संपेपर्यंत बसली आणि आम्ही बाहेर यायच्या आत निघून गेली. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. पावसाळ्यात डोक्यावर खताची गोणी घेऊन बसायची. हे किती महिने चालले? वर्षाच्या वर. मी दर रविवारी चपला काढताना तिच्या शेजारी वाकायचो. ‘जय ख्रिस्त’ म्हणायचो, ती मान हलवायची. आत या, एवढे दोन शब्द मला बोलता आले नाहीत. मी, जो परमपवित्र आणि करुणासागर एका दमात म्हणतो.

उलट मला एक छान किस्सा मिळाला होता. आघाडीची प्रीती मी भुसावळला सांगितली, चाळीसगावला सांगितली, साखरपुड्यांत, बारशांत, अंत्यविधीनंतरच्या चहातसुद्धा सांगितली. तिच्या आवाजाची नक्कल मला फार चांगली जमे. का जमणार नाही, ती माझ्या घरचीच भाषा.

मग मुलीचे लग्न धुळ्याला झाले आणि तीही मुलीकडे राहायला गेली. धुळ्याच्या मंडळीत नाव घालायचे तर इथल्या मंडळीचे पत्र लागते. त्या पत्राशिवाय तिथे कुणी सभासद होत नाही आणि प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, पुढे जाता येत नाही. पत्र लिहिण्याचे काम सेक्रेटरीचे, म्हणजे माझे. तिने निरोप पाठवला. मी हजेरीचे पुस्तक काढले. आतल्या बाकांवर बसणाऱ्यांची हजेरी मी लावत असे. पायरीवर बसणाऱ्यांसाठी त्यात रकाना नव्हता. मी लिहिले, ‘उपासनेस अनियमित. विश्वासात थंड.’ खाली सही, सहीखाली रेघ.

मला माहीत होते की हे खोटे आहे. हे मी इथे स्पष्ट लिहितो, कारण म्हातारपणी माणूस ‘त्या वेळी लक्षात आले नाही’ असे म्हणायला शिकतो. माझ्या लक्षात होते. तिला अनियमित म्हटले की ती का बाहेर बसते हे कुणी विचारणार नव्हते.

त्यानंतर मी तिला विसरलो. किस्सा मात्र विसरलो नाही.

गेल्या डिसेंबरात धुळ्याला एका लग्नाच्या जेवणात मी तो पुन्हा सांगितला. टेबलाभोवतीचे सगळे हसले. समोर एक पन्नाशीची बाई बसली होती, ती हसली नाही. पापड मोडत होती. सगळे शांत झाल्यावर म्हणाली, “सर, ती माझी आई. पुढचंपण सांगा ना.”

मी विचारले, पुढचे कोणते?

“पत्राचं.”

मग तिनेच सांगितले, आवाज न चढवता. धुळ्याच्या तेव्हाच्या पाळकांनी पत्र वाचून आईला म्हटले होते, वर्षभर नियमित या, मग बघू. आई वर्षभर आली. वर्ष संपल्याचे कुणाच्या ध्यानात राहिले नाही आणि आईने आठवण करून दिली नाही. पाळक बदलत गेले, पत्र फाइलीत राहिले. आई अजूनही दर रविवारी शेवटच्या बाकावर बसते आणि प्रभुभोजनाची तयारी सुरू झाली की उठून बाहेर जाते. नवीन पाळक म्हणाले, या हो आजी, आम्ही कुणाला अडवत नाही. तर आई म्हणते, माझे पत्र खराब आहे, ज्याने लिहिले त्यानेच ते नीट केले पाहिजे.

“तिचे गुडघे गेलेत आता,” मुलगी म्हणाली. “पण उठून बाहेर जाते. तुम्ही जेवा सर, जिलबी घ्या.”

दुसऱ्याच आठवड्यात मी एसटीने धुळ्याला गेलो. ती खाटेवर बसून मेथी निवडत होती. मला ओळखले. बसा गुरुजी म्हणाली. मी बरीच तयारी करून गेलो होतो, क्षमेवर मला पुष्कळ बोलता येते. बोललोही. तिने मेथी निवडणे थांबवले नाही. शेवटी मी म्हटले, आपण प्रार्थना करू. डोळे मिटले आणि सुरुवात केली, हे परमपवित्र, करुणासागर...

“गुरुजी,” तिने मध्येच विचारले, “तुम्हीन कोनासंगे बोली राहिनात?”

कुणाशी बोलताय तुम्ही? तिला खरोखर कळत नव्हते. मी डोळे उघडले. खोलीत ती होती, तिची मुलगी होती, आणि कोपऱ्यात मेथीचे देठ.

प्रार्थना राहू द्या, पत्र लिहा, असे तिने सांगितले. मी पेन काढले. ‘सदर भगिनी’ लिहिताच तिने विचारले, काय लिहिले? मी वाचून दाखवले. ती म्हणाली, ही कोण? मला कळेल असे लिहा. मी कागद फाडून दुसरा घेतला आणि शाळेत गेल्यापासून जे कधी लिहिले नव्हते ते लिहायला बसलो. दोनदा अडलो, आईचे शब्द आठवेनात. तिने सांगितले. ‘हाई बाई कधी थंडी पडनी नही. दर ऐतवारले ती पायरीवर बठेल व्हती. मी देखं नि खोटं लिखं. मी हासनू.’ हसलो हे लिहायचे राहिले होते, ते तिनेच घालायला लावले.

ते पत्र घेऊन मी धुळ्याच्या पाळकांकडे गेलो. तरुण, नम्र माणूस, नाशिककडचा. दोनदा वाचले. मग संकोचाने म्हणाला, भावना पोचल्या, पण फाइलीसाठी हेच जरा शुद्ध मराठीत मिळेल का? त्याच्या अंगावर इस्त्रीचा पांढरा सदरा होता. मला त्याच्यावर रागावण्याचा अधिकार नव्हता. मी म्हटले, नाही, असेच ठेवा, आणि रविवारी सर्वांसमोर असेच वाचा.

त्याने वाचले. ‘बठेल’वर अडखळला, ‘हासनू’वर पुन्हा अडखळला, आणि दोन-तीन पोरे हसलीच. तिने मागच्या बाकावरून त्याला धीरे वाच म्हणून सांगितले. मग भाकर आणि द्राक्षरसाची वेळ झाली. ती उठली. मला वाटले, सवयीने दाराकडे जाते की काय. मुलीचा हात धरून ती पुढे गेली आणि तिने भाकर घेतली. मी पुढे गेलो नाही. मला कुणी अडवले नव्हते.

उपासना संपल्यावर ती पायरीवर टेकून चपला घालत होती. मी तिची एक चप्पल सरळ करून दिली. तिने माझ्याकडे पाहिले नाही, पट्टा ओढता ओढता म्हणाली,

“लिखेल चांगलं व्हतं, गुरुजी. त्यामा आघाडी नव्हती.”