मर्व्हची अंत्ययात्रा

ऑस्ट्रेलियातल्या हॉर्शम गावात पबमागच्या खोलीत नोलीन पर्विस दर गुरुवारी माइक धरून लोकांना हसवायची. म्हणजे हसवायला उभी राहायची. लोक यायचे ते चॉप्स-सॉसेजच्या ट्रेच्या सोडतीसाठी. नंबर पुकारायची वेळ झाली की पबवाला तिचं वाक्य अर्धवट तोडून माइक काढून घ्यायचा.

तिचा हुकमी किस्सा एकच, आणि तोही खरा. नवरा मर्व्ह गेला तेव्हा ऐन गव्हाची कापणी चालू होती. रस्त्यावरच्या धुरळ्यात शवगाडीमागच्या गाड्या चुकल्या आणि अख्खी अंत्ययात्रा एका गव्हाच्या ट्रकमागून थेट धान्याच्या कोठारावर जाऊन थांबली. दफनभूमीत उरले ती आणि पाद्री. गावाला यात कधी हसू आलं नाही. येणार कसं? ट्रकमागे गेलेले शहाणे हेच!

तिच्याच हाताखाली शिकलेला डेक्लन मेलबर्नला गेला, टीव्हीवर झळकला, आणि यंदा गावच्या थिएटरात तोच किस्सा स्वतःच्या बापाच्या अंत्ययात्रेचा म्हणून खपवून गेला. तेच गाव पोट धरधरून हसलं.

पुढच्या गुरुवारी नोलीननं सुरुवात केली, "आमचा मर्व्ह गेला तेव्हा..."

"ए नोलीन, लाज वाटते का गं?" पुढच्या टेबलावरून डेक्लनचा बाप ओरडला. चांगला धडधाकट, पहिल्याच सोडतीत जिंकलेला ट्रे मांडीवर घेऊन बसलेला. "माझ्या पोराचा विनोद चोरतेस?"

आणि त्या खोलीत पहिल्यांदाच हशा पिकला.