उंबऱ्याबाहेरचा मासा

खुए मावशींच्या घरात नवऱ्याचा फोटो फ्रिजवर होता, लेकीच्या शाळेतल्या फोटोशेजारी. पूर्वजांच्या देव्हाऱ्यात सासूसासरे, आईवडील, अगदी एक बिनलग्नाची आत्यासुद्धा होती. लुओंगकाका मात्र फ्रिजवर, जिवंत माणसांत.

होड्यांतून देश सोडून आलेल्या आमच्या मेलबर्नच्या गल्लीत याची सगळ्यांना सवय होती, एक थोआ सोडून. थोआ म्हणजे काकांची धाकटी बहीण, माझ्या पलीकडच्या घरातली. तिच्या जिभेला हाड नाही.

"वहिनी, मेलेल्याला घरच्यांनी वाढलं नाही, तर तो दारोदार फिरतो. दादाला अजून किती उपाशी ठेवणार?"

"मेले हे तुला कुणी सांगितलं? तुम्ही निघा, मी मागून येणाऱ्या होडीनं येतो, म्हणाले होते."

"चाळीस वर्षांत गोगलगायसुद्धा पोचली असती."

मावशी कांद्याची पात चिरत राहायच्या. थोआचंही चुकत नव्हतं. फोटो देव्हाऱ्यात ठेवला, तर माणूस आपल्याच हातानं मेला. नाही ठेवला आणि तो खरंच गेलेला असेल, तर बायको असून भुकेला. इकडे आड, तिकडे विहीर.

आमच्या चांद्र वर्षाच्या सातव्या महिन्यातल्या पौर्णिमेला बेवारस आत्म्यांसाठी आम्ही सगळेच दाराबाहेर ताट ठेवतो. पातळ पेज, मीठ, लाह्या, स्वस्तातल्या गोळ्या. ज्यांचं कुणी नाही, त्यांच्यासाठी पक्वान्नं कोण रांधतं? मावशींच्या ताटात मात्र साखर करपवून, मिरी घालून मडक्यात शिजवलेला मासा असायचा. बाईचा हात सढळ आहे, असं आम्ही समजायचो.

गेल्या वर्षी मावशींचे गुडघे गेले आणि लेकीनं त्यांना पर्थला न्यायचं ठरवलं. सामान बांधून झालं, तशा त्या काठी टेकत थोआच्या ओट्यावर येऊन बसल्या. मी तिथंच होते.

"थोआ, पौर्णिमेच्या ताटात एक मासा ठेवशील? मडक्यातला."

"भुतांना मासा? काय लाडावून ठेवलंयत त्यांना!"

"मिरी जरा जास्त घाल. त्यांना तसाच लागतो."

मावशी थोआकडे न बघता बोलत होत्या. "बाहेर वाढलं म्हणजे देव्हाऱ्यात बसवल्यासारखं होत नाही. आणि असतीलच त्या फिरणाऱ्यांत, तर उपाशी जात नाहीत. लेकीचं घर पंधराव्या मजल्यावर आहे गं. उंबरा नाही, लिफ्ट आहे नुसती. तिथं कुठं शोधत येतील?"

इतकी वर्षं ही बाई टोमणे खात होती आणि नवऱ्याला गुपचूप जेवू घालत होती.

थोआनं नाक पुसलं. "मिरी किती ते नीट सांगून जा. नंतर नावं ठेवाल."

यंदाच्या पौर्णिमेला थोआनं मडकं चढवलं. साखर जरा जास्तच करपली, वास माझ्या घरापर्यंत आला. संध्याकाळी ताट ओट्याखाली ठेवून, उदबत्ती लावून ती थंडीत शाल गुंडाळून बसली. मीही जाऊन टेकले. तेवढ्यात पर्थहून फोन आला.

"ठेवलंस?"

"ठेवलं."

"मग?"

आता ही परत गोगलगाय काढणार, असं मला वाटलं. थोआ रस्त्याकडे बघत राहिली.

"अजून आला नाही, वहिनी," ती म्हणाली. "मी बसलेय."