तांब्यातले डाग

दापोडीच्या चाळीत कस्तुरा मखमलीची दुलई शिवत होती आणि तिला मजुरी नको होती, नोकरी हवी होती. चौऱ्याहत्तर साल. पिंपरीच्या महिला मंडळात शिवणवर्ग निघणार होता, बारा मशिनी येऊन पडल्या होत्या, आणि शिकवायला कोण ठेवायचं ते ठरवणार होत्या दुर्गाबाई, कंपनीतल्या फोरमनची बायको.

"माझ्या लेकीच्या रुखवतात ठेवायला दुलई कर," त्या म्हणाल्या होत्या, "चांगली झाली तर वर्ग तुझा."

मखमल म्हणजे महानखरेल कापड. लव एकाच अंगाला झोपते, एक तुकडा उलटा लागला की एकाच ताग्यातला असून वेगळ्याच रंगाचा दिसतो. पाणी पडलं की चट्टा. आणि वरून इस्त्री फिरवली तर संपलंच, लव कायमची मरते. कस्तुरा प्रत्येक तुकडा गालावर फिरवून लव बघायची, मगच टाका घालायची. मधोमध जरीची वेल, कडेनं टिकल्या.

नवरा भीमराज शिफ्टवरून आला की म्हणायचा, "माझ्या गालाचं बी बघ की जरा."

"आधी दाढी कर!"

दीड महिन्यानं दुलई पोचवली. दुर्गाबाईंच्या सासूनं, गवराबाईंनी, ती ओट्यावरच ठेवायला लावली. तिसऱ्या दिवशी बोलावणं. दुलईभर चट्टे!

"रडत होतीस का गं शिवताना?" दुर्गाबाई म्हणाल्या.

कस्तुराला काही कळेना. घरात तिनं पाण्याचा हंडासुद्धा लांब सरकवला होता. "आठ दिवस द्या बाई, काढते."

आणि काढले तिनं! पातेल्यात पाणी उकळायचं, वाफेवर कापड धरायचं, मऊ ब्रशनं लव उठवायची, एकेक चट्टा, एकेक. बोटं पोळून निघाली. दुलई पुन्हा नवी कोरी.

परत नेऊन तिनं ती ओट्यावर ठेवली आणि निघाली, पण चपलेचा अंगठा तुटला म्हणून फाटकाशी वाकली. मागं बघते तर गवराबाई तांब्यात बोटं बुडवून दुलईवर पाणी शिंपडतायत. एक कोपरा न सोडता.

"आजी, पाणी नका टाकू!"

"मंग? शिंपडल्याबिगर घरात कशी घिऊ? तुमच्या घरातली न्हवं का ती?"

अगदी साध्या आवाजात. भाजी धुतल्याशिवाय कशी चिरू, तशा.

दुर्गाबाई दारातच उभ्या होत्या. पहिल्यांदाही तिथंच उभ्या असणार.

"बाई, डाग माझ्या हातचे न्हाईत. ह्या तांब्यातले हायेत."

"दोनदा काम नासवलंस आणि वर माझ्या सासूला बोलतेस? वर्गातल्या बायका काय शिकणार तुझ्याकडून!"

वर्ग शालनबाईला मिळाला. दुर्गाबाईंच्याच नात्यातली, साध्या परकरांवर हात बसलेली बाई, मखमल कधी हातात धरली नव्हती.

लग्नाला दोन दिवस उरले तेव्हा तीच शालनबाई चाळीत आली, आत न येता उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "दुर्गाबाईंनी विचारलंय, ते डाग तू कसे काढले होतेस?"

चुलीवर पातेलं उकळत होतं. कस्तुरानं त्यावर झाकण ठेवलं.

"सोप्पं हाय," ती म्हणाली. "इस्त्री चांगली लाल तापवायची. आणि वरून दाबून फिरवायची. सगळ्या दुलईवर."