विहिरीतली बाई आणि माझी आई

भुतांच्या कॉमिक्सचं वेड मला नव्हतं, आईला होतं. आई कधी कापूस वेचायला जायची, कधी संत्र्याच्या तोडीला. शाळा चौथीपर्यंत झालेली. मराठी अडखळत वाचायची, हिंदीत तर अडकायचीच. तरी पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर जुनी पुस्तकं विकायला बसणाऱ्याकडून ती हिंदी कॉमिक्स आणायची आणि भाकरी थापता थापता मला मोठ्याने वाचायला लावायची. मुखवटे घालून आकाशात उडणारे हिरो तिला आवडत नसत. "याले काही होतच नाही, तं पाहाचं कायले?" म्हणायची. तिला भुतं हवी असायची.

त्यातली एक गोष्ट तिने माझ्याकडून कितीदा वाचून घेतली असेल, सांगता येत नाही. एका गावचा मालगुजार, म्हणजे गावाचा जमीनदार, एका बाईला विहिरीत ढकलतो. ती पांढऱ्या लुगड्यात वर येते, त्याच्या वाड्यातल्या प्रत्येक भांड्यातलं पाणी खारट करते आणि शेवटी त्याला त्याच विहिरीत ओढून नेते. बाकी कोणाला हात लावत नाही. चित्रकाराने तिचा चेहरा साधा काढला होता, ओल्या केसांची, दमलेली बाई. शेवटचं पान आलं की आई तव्यावरची भाकरी उलटायची आणि म्हणायची, "बरं केलं."

मी पुढे मास्तरीण झाले. आता पांढुर्ण्याहून रोज बसने सौंसरच्या शाळेत जाते. आई माझ्याकडेच असते, पण तोडीला जाणं तिने सोडलं नाही.

एका एप्रिलात आमच्या मोहल्ल्यात एक पांढरी गाडी आली. त्याच कॉमिक्सवर वेब सिरीज निघत होती आणि शूटिंग आमच्याच भागात होणार होतं. कानात बाळी घातलेला एक माणूस उतरला. बाजारपेठ, कॉलनी, सगळं मागे टाकून तो सरळ आमच्या बौद्धांच्या वस्तीत आला होता. "हमें असली चेहरे चाहिए," म्हणाला. दारात उभ्या असलेल्या बायांना तो बाजारातली जनावरं पाहावी तसा निरखत होता. आईपुढे थांबला आणि तिची हनुवटी बोटाने वर केली.

"हात काढा," मी म्हटलं.

त्याने हात काढला, पण नजर काढली नाही. मोबाइलवर त्याने त्या कॉमिक्सचं मुखपृष्ठ दाखवलं. आई एकदम खुलली. "हे तं विहिरीतली बाई. मी येतो," म्हणाली. तिच्या तोंडावर असा आनंद मी फार दिवसांनी पाहत होते.

रविवारी मी तिच्याबरोबर गेले. जाम नदीच्या पलीकडे, सावरगावच्या अंगाला एका संत्र्याच्या बागेत जुनी विहीर आहे, तिथे सगळा पसारा मांडला होता. भर दुपारी काम चाललं होतं. रात्र नंतर कॉम्प्युटरवर करतात म्हणे. एका टबात साखरेच्या पाकात लाल रंग कालवून रक्त केलेलं. त्यावर माश्यांचा थर. शेजारी ताडपत्रीवर रबरी आतडी वाळत घातली होती, तीही त्याच पाकाने चिकट झालेली. गरम वाऱ्याबरोबर तो गोडूस वास नाकात शिरायचा.

छत्रीखाली पांढऱ्या साडीत एक गोरी मुलगी बसली होती. विहिरीतली बाई जिवंत असतानाची ती. आणि चामड्याचे काळे कपडे, डोळ्यांवर मुखवट्याची पट्टी असा एक तरुण गाडीत एसी लावून बसला होता. कॉमिक्समध्ये असा कोणी नव्हताच. तो गावाला वाचवणार होता.

आईला एका स्टुलावर बसवलं. मेकअपवाल्याने डबीतून काळं काढून तिच्या तोंडाला फासायला सुरुवात केली.

"बाबू, मी तं काळीच आहो. हे आणखी कायले लावून राहिला?"

"डर लगना चाहिए, आंटी."

मग दात काळे केले. हनुवटीवर केसाळ मस चिकटवला. जिवंतपणी ती छत्रीखालची मुलगी आणि मेल्यावर माझी आई, असा त्यांचा हिशेब होता. शेवटी आईच्या हातात लिबलिबीत जेलीचा गोळा दिला. तो कलेजा. तो चावत तिने शिडीवरून विहिरीबाहेर यायचं होतं.

आई आली. "और गंदा," दिग्दर्शक ओरडला. ती परत उतरली, परत आली. लाल पाक हनुवटीवरून गळ्यात, गळ्यावरून पोलक्यात उतरत होता. डोळ्यांच्या कडांना माश्या बसत होत्या आणि त्या हाकलायची तिला परवानगी नव्हती. "और गंदा." मी बागेत दूर जाऊन एका झाडाखाली ओकले.

परत आले तेव्हा आई तोंड पुसत दिग्दर्शकाला विचारत होती, "मालगुजार कुठी हाय?"

"वो रोल काट दिया, आंटी."

"मंग मी कोणाले मारतो?"

"गाँव के बच्चों को खाती हो ना आप."

घरी येताना ऑटोत आई पदराने गळ्यावरचा पाक पुसत होती. मग म्हणाली, "लेकरं काऊन खाईन वं ते? तिचं काय बिघडवलं लेकरांनी?"

कानामागचं काळं बरेच दिवस निघालं नाही. मी खोबरेल लावून घासायचे. कातडी लाल व्हायची, पण डाग तसाच राहायचा.

पावसाळ्यात सिरीज आली. आम्ही दोघींनी माझ्या मोबाइलवर पाहिली. आई पडद्यावर आली आणि गेली. नंतर त्या चामड्याच्या कपड्यांतल्या तरुणाने तिला जाळलं आणि गावातले लोक नाचले. आईने मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि पालथा ठेवला.

तिथेच संपलं असतं तर बरं झालं असतं. पण एक दिवस शाळेत, मधल्या सुट्टीत एका सरांनी समोशाच्या तेलकट बोटांनी मोबाइल सगळ्यांपुढे धरला. कोणीतरी आईच्या चेहऱ्याचं स्टिकर केलं होतं. काळे दात, तोंडातून लाल गळतंय, खाली लिहिलेलं, 'सकाळी सकाळी बायको'. सगळे हसले.

"मॅडम, हे तुमच्या पांढुर्ण्याकडचंच शूटिंग हाय म्हणतात. कुठून शोधून आणते जी अशा बाया?"

"ती माझी आई आहे."

ते आधी हसले, मग त्यांना कळलं. "मेकअप हाय नं, मॅडम. आम्हाले कसं मालूम पडन?"

त्यांनी ते माझ्यासमोर पुसलं. पडद्यावर त्यांच्या बोटाचा तेलकट ओरखडा उमटला आणि मला आईच्या चेहऱ्यावरूनच कोणी हात फिरवल्यासारखं वाटलं. माझा डबा मी तसाच झाकला. संध्याकाळी तेच स्टिकर आमच्या गल्लीच्या ग्रुपवर आलं होतं. आईला कसं सांगावं, या विचारात मी घरी पोचले.

"पाहिलं म्या," आई लसूण सोलत म्हणाली. "त्या बाजूच्या घरच्या पोट्ट्यांनी दाखवलं."

मीही तिच्याजवळ बसून लसूण सोलू लागले.

दिवाळीच्या सुमारास बाळीवाल्याचा फोन आला. दुसरा भाग करायचा होता. मी स्पीकरवर टाकला.

"या टायमाले मालगुजार हाय का?" आईने विचारलं.

"नहीं आंटी. इस बार तो चुड़ैल का पूरा खानदान है."

"मंग नाही जमत," आई म्हणाली आणि उठून गेली. तो अजून बोलत होता. मी फोन कापला.

चार-आठ दिवसांनी सौंसरच्या बसची वाट पाहत उभी होते, तर ती पांढरी गाडी समोरून गेली. आमच्याच गल्लीतली एक विधवा बाई पुढच्या सीटवर बसली होती. केसांना तेल लावून, चापूनचोपून अंबाडा घातलेला, अंगावर लग्नाकार्यातली साडी. मला पाहून तिने हात हलवला. मीही हलवला. मग माझी बस आली आणि मी चढले.