डाव्या हाताला झेपेल अशी बॅटरी

सुनंदा गेल्याचं मला फोनवर कळलं. तिच्या नवऱ्याचा, रामटेके भाऊंचाच फोन होता, नागपूरच्या दवाखान्यातून. "बाई, संपलं," एवढंच म्हणाले आणि लगेच पुढं, "लॅबमधी सांगून द्या." मी लॅबमध्ये सांगितलं आणि सकाळी आलेले पाण्याचे नमुने तपासायला बसले. वीज केंद्राच्या त्या प्रयोगशाळेत आम्ही दोघींनी एकाच टेबलावर इतकी वर्षं काढली होती, की तिच्या बाजूच्या बाटल्यांना हात लावताना मला अजूनही विचारावंसं वाटत होतं. पुढं ऊर्जानगरच्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. तिथं सगळे जण तिच्या शांत, सोशिक स्वभावाबद्दल बोलले. सुनंदा शांत नव्हती आणि सोशिक तर मुळीच नव्हती. मेलेल्या माणसाला इतकं बदलून टाकणं बरं नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

तिच्याकडे स्पोर्ट्स कार होती हे कुणी बोललंच नाही. ती आणली भाऊंनी. माजरीच्या खाणीतल्या एका साहेबांची बदली झाली आणि त्यांना ती सोबत न्यायची नव्हती. जुन्या फियाटच्या सांगाड्यावर कुणीतरी हौसेनं फायबरचं अंग चढवलेली, लाल, बुटकी, वरून उघडी, दोनच माणसांची गाडी. आमच्या वसाहतीत सायकली, लुना आणि कंपनीच्या बसगाड्या. त्यात ही म्हणजे शाळेच्या प्रार्थनेत कुणी शिट्टी वाजवावी तशी. भाऊंची हौस आठवड्याभरात फिटली. सुनंदा मात्र चालवायला शिकली आणि तिनं स्टिअरिंग सोडलं नाही. पदर कमरेला खोचून ती भद्रावतीच्या रस्त्यानं जायची, तेव्हा कोळशाचे ट्रकवाले आधी हॉर्न वाजवायचे आणि मग, बाई आहे हे पाहून, वाजवायचे थांबायचे. का थांबायचे कोण जाणे.

मग तिच्या उजव्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली. ती हा शब्द स्वच्छ उच्चारायची, म्हणून मीही तो लिहिते. काखेतल्या गाठी काढल्या, हात सुजू लागला. त्या हातानं जड काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. गाडी चालवायला मात्र ते काही महिन्यांनी हो म्हणाले. नाही म्हणणारे भाऊ... पण तेही नाही म्हणालेच नाहीत. वीज केंद्रात ते पाळीवर असायचे. ड्युटीला निघण्याआधी सीटमागची बॅटरी पान्यानं सोडवायची आणि उचलून आतल्या खोलीतल्या उंच सज्ज्यावर ठेवून द्यायची, एवढंच ते करायचे. जुनी, ॲसिडची, धोंड्यासारखी बॅटरी; सुनंदाच्या एका हातानं ती सज्ज्यावरून उतरवणं शक्यच नव्हतं. "मानूस भांडला तं त्याच्यासंग भांडता येते," ती मला म्हणाली. "हा मानूस तोंडातून शब्द काढत नाई, बॅटरी काढते. आता मी काय सज्ज्यासंग भांडू?" गाडी अंगणात ताडपत्रीखाली, आणि ती रोज कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी, खिडकीकडे तोंड करून. तिला मी आजारात रडताना पाहिलं नव्हतं. त्या बसमध्ये मात्र तिचं काहीतरी विझत चाललेलं मला दिसत होतं आणि ते मला पाहवत नव्हतं.

लॅबमध्ये संगणक येऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. त्याच्या यूपीएसची बॅटरी बदलायला माणूस आला, तशी सुनंदानं जुनी बॅटरी डाव्या हातानं टेबलावरून उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. "मालू," ती म्हणाली, "हे मले झेपते." पुढच्या रविवारी आम्ही दोघी चंद्रपूरला बॅटऱ्यांच्या दुकानात गेलो. तिला ड्राय बॅटरी हवी होती. ड्राय म्हणजे काही अगदी कोरडी नव्हे. आतलं ॲसिड टिपकागदात शाई मुरावी तसं मुरवलेलं असतं, त्यामुळं सांडत नाही. जुन्या बॅटरीच्या ॲसिडनं तिच्या बऱ्याच पदरांना भोकं पाडली होती, तोही हिशेब होताच. दुकानदारानं चार-पाच बॅटऱ्या फळीवर मांडल्या आणि सुनंदा बाजारात टरबूज पाहावं तशी एकेक डाव्या हातानं उचलू लागली.

"बाई, बॅटरी अशी उचलून घेते का कोनी?" तो म्हणाला. "एम्पिअर पाहून घ्या लागते."

"एम्पिअर तुमी पाहा. वजन मले पाहू द्या."

त्यानं शेवटी हात टेकले, पण सांगायचं ते सांगितलं. "हे लहान हाय. ताकद हाय, पन दम नाई. गाडी उभी करून लाइट चालू ठेवसान तं घरी ढकलत न्या लागन." सुनंदानं त्यातलीच एक घेतली. गाडीच्या तारा बसाव्यात म्हणून तांब्याच्या पट्ट्या करून घेतल्या, खाली रबर घातलं, वरून पट्टा आवळला. पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू झालं, तेव्हा ती इतक्या मोठ्यानं हसली की शेजारच्या क्वार्टरातल्या बाई बाहेर आल्या. दुकानदाराचं म्हणणंही लवकरच खरं ठरलं. धुक्याच्या एका सकाळी मोहर्लीच्या रस्त्यावर लाइट चालू ठेवून आम्ही गप्पा मारत बसलो आणि मग एका बसमधल्या लोकांनी उतरून आम्हाला ढकललं. सुनंदा पुढाऱ्यासारखी हात हलवत होती.

आमच्या हुशारीतून एक साधी गोष्ट निसटली होती. सुनंदाला एका हातानं उचलता येणारी बॅटरी भाऊंनाही उचलता येत होती. जुनी सज्ज्याच्या पलीकडे जात नसे. ही त्यांनी डब्याच्या पिशवीत घातली आणि सरळ ड्युटीवर नेली. मला हसू आलं. सुनंदाला आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांच्या आधी उठून बॅटरी सोडवली आणि लॅबमध्ये आणून आमच्या टेबलाखाली ठेवली. म्हणजे आता नवरा-बायको दोघंही बसनं जाणार, बॅटरी कुणाच्या तरी पिशवीत, आणि गाडी अंगणात. असा संसार मी पुन्हा पाहिला नाही.

त्या संध्याकाळी बसच्या स्टॉपवर भाऊ उभे होते. तिच्या हातातली पिशवी पाहून पुढं आले. "दे इकडं, जड हाय."

"जड असती तं मी घेतली असती काय?" सुनंदा म्हणाली. स्टॉपवर पाळी सुटलेली माणसं होती. तिनं आवाज कमी केला नाही. "डॉक्टरनं काढलं ते रोगासाठी काढलं. तुमी रोज काढून राह्यले ते कायच्यासाठी?"

भाऊंनी पुढं केलेला हात मागं घेतला. मग म्हणाले, "भेव लागते मले. मी तिकडं ड्युटीवर, अन् तू एकटी रस्त्यावर..."

"मंग संग बसा ना!"

इतकंच. त्यानंतर भाऊंनी बॅटरीला हात लावला तो फक्त चार्ज करायला. सुट्टीच्या दिवशी ते डावीकडे तिच्या शेजारी बसायचे, एका हातानं दार घट्ट धरून, पायाखाली नसलेला ब्रेक दाबत. ती त्यांची मनसोक्त टिंगल करायची. कामाच्या दिवशी एकटी जायची. त्यालाही ते कधी आडवे आले नाहीत. आजार उलटला तोवर तिनं पुष्कळ गाडी चालवली. माझ्या मते तेवढ्यासाठीच ती तेवढी जगली, पण हे काही तपासून सांगता येत नाही.

परवा भाऊंकडे गेले होते. चहा झाला, बोलण्यासारखं फारसं नव्हतं. निघाले तर म्हणाले, "थांबा बाई, गाडीनं सोडून देतो स्टॉपवर." बॅटरी त्यांनी चार्ज करून ठेवली होती. ती बसवली, पट्टा आवळला, हात पुसले. मग डावीकडचं दार उघडून आत बसले आणि दार घट्ट धरलं.

मी बाहेर उभी होते. "बसा ना," ते म्हणाले. गाडीत आता एकच जागा रिकामी होती, आणि मला गाडी येत नाही हे त्यांना ठाऊक आहे. त्यांनी उजवीकडे पाहिलं... बराच वेळ पाहिलं. मग उतरले, गाडीला वळसा घालून पलीकडे गेले, ते दार उघडलं आणि सीटवरची धूळ हातानं झटकली. बसले मात्र नाहीत. दार हळूच लावून घेतलं.

"बाई," ते म्हणाले, "पायीच जाऊ काय?"

स्टॉप काही लांब नव्हता. आम्ही पायी गेलो.